जुना नंबर सतरा

१

सोळानंतर एकदम अठरा. मध्ये सतरा नव्हती.

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममधल्या मुलीने गठ्ठा पुन्हा उलगडला. बोट ओलं करून एकेक फाइल सरकवली. चौदा, पंधरा, सोळा, अठरा. गेल्याच महिन्यात सगळ्या फाइलींची मोजणी झाली होती आणि सतरापुढे ‘आहे’ असं तिनेच लिहिलं होतं.

मोठ्या साहेबांनी फार आरडाओरडा केला नाही, तेच जास्त वाईट. चष्मा पुसत ते म्हणाले, “शुक्रवारी सकाळी फाइल माझ्या टेबलावर. नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी.” तिला नोकरी लागून अजून वर्षही झालं नव्हतं.

तिने आत्याला फोन केला.

आत्या म्हणजे टपालबाई. चौतीस वर्षं त्यांनी गावाच्या मुख्य रस्त्यावर टपाल वाटलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गाव त्यांना टपालबाईच म्हणे. कुणाच्या दाराची कडी लागत नाही, कुणाचा मुलगा परगावी जाऊन पत्र पाठवायचं विसरला, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. कळलेलं पोटात ठेवायची त्यांची ख्याती होती, म्हणून तर लोक त्यांना सांगायचे.

त्या आल्या आणि आधी भाचीच्या खुर्चीत बसल्या. “काय गं ही खुर्ची, दगड बरा!”

“गाद्या नव्याने भरून घेतल्या, आत्या. दबायला वेळ लागेल म्हणे. तुम्ही फाइलचं बघा ना!”

“बघते. पण आधी नीट सांग. रडून झाल्यावर सांगितलंस तरी चालेल.”

भाचीने सांगितलं. गावच्या वाचनालयातर्फे मुख्य रस्त्याच्या जुन्या इमारतींवर पुस्तक निघणार होतं. लिहिणार होते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांना एक्केचाळीस नंबरच्या इमारतीची जुनी फाइल हवी होती. कॉम्प्युटरवर एक्केचाळीस शोधलं, तर एक पातळ फोल्डर मिळालं, तेही अलीकडचं. मग जुन्या रजिस्टरात तिला उलगडा झाला: सव्वीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा सगळे नंबर बदलले होते. आजचा एक्केचाळीस म्हणजे जुना सतरा. ती सोमवारी मागच्या मांडणीकडे धावली आणि तिथे सोळानंतर अठरा.

“या महिन्यात त्या इमारतीची चौकशी करायला कोण कोण आलं?”

“तिघं. मास्तर, इमारतीचे मालक चष्मेवाले आणि समोरच्या वह्यांच्या दुकानातली वहीवाली ताई. तिघंही या टेबलाशी, माझ्या डोळ्यांसमोर बसले. सगळ्यांनी एक्केचाळीसच मागितली.”

टपालबाई उठून मांडणीकडे गेल्या. त्यांनी शेजारचे गठ्ठे पाहिले, मग अकरा ते वीसचा. “हा तू सोडलास तेव्हा कसा बांधलेला होता?”

“दोरीची गाठ सुटेना, म्हणून मी गठ्ठा खालून ओढून काढला. गाठ तशीच आहे, ही बघा.”

टपालबाईंनी ती खिडकीशी नेऊन पाहिली. भाची सगळे गठ्ठे सुरगाठीने बांधायची, एक टोक ओढलं की मोकळं. ही गाठ वेगळी होती. दोरी स्वतःभोवती दोनदा फिरवलेली, टोक आत दडवलेलं. ओढावं तितकी आवळणारी.

“ही गाठ तुझी नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मी ही कुठेतरी पाहिली आहे.”

२

एक्केचाळीस नंबरची इमारत दुमजली, कोपऱ्यावरची. तिने चार धंदे पाहिले होते. आधी खालच्या गाळ्यात छापखाना होता. मग फोटो स्टुडिओ आला, तो अडतीस वर्षांपूर्वी जळाला. पुढे काही वर्षं गाळा काळ्या भिंतींनिशी रिकामा पडला, नंतर बियाण्यांचं दुकान झालं, आणि बारा वर्षांपूर्वी चष्मेवाल्याने सगळी इमारतच विकत घेतली. वरच्या मजल्यावर मात्र स्टुडिओच्या दिवसांपासून एकच भाडेकरू: गादीवाला. आगीनंतर त्याने वरचा मजला स्वतःच्या हाताने उभा केला होता.

चष्मेवाल्याने टपालबाईंना खुर्ची दिली, आरशात पाहून स्वतःचा भांग सारखा केला आणि विचारण्याआधीच बोलायला लागला.

“फाइल मला हवी होती, कबूल. मला इमारत पाडून नवी बांधायची आहे. मागचा बोळ माझ्या हद्दीत येतो की नाही ते जुन्या नकाशात असणार. पण बाई, मला फाइल सापडायला हवी आहे. हरवून माझं काय भलं?”

“बोळ तुमचा नाही असं निघालं तर?”

चष्मेवाला हसला, पण जरा तिरकं. “तर मग वाईट. म्हणून चोरी करीन होय?”

“तुमच्या दुकानाचा जुना नंबर काय होता?”

“जुना? एक्केचाळीसच ना? पाटीवर तोच होता घेतला तेव्हा.”

टपालबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं दारात उभं राहून त्यांनी एक विद्या कमावली होती: माणूस नंबर खरंच जाणत नाही की न जाणल्याचं दाखवतो, हे त्यांना कळत असे. याला खरंच ठाऊक नव्हतं.

त्या बाजूच्या जिन्याकडे वळल्या. वरून खोकल्याचा आवाज आला आणि मग हाक: “कोण? टपालबाई का? सतरा नंबरचा जिना आहे बाई, तिसरी पायरी सांभाळा!”

३

गादीवाल्याला सगळा रस्ता ‘मामा’ म्हणे. त्याला कारण होतं. स्टुडिओ पेटला त्या दुपारी फोटोग्राफरची पाच वर्षांची मुलगी आत पडद्यामागे झोपली होती. बाविशीतला गादीवाला धुरात शिरला आणि तिला कवेत घेऊन बाहेर आला. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ती मुलगी त्याला मामा म्हणायला लागली आणि हळूहळू सगळा रस्ताही.

मामा जमिनीवर बसून एका मोठ्या सोफ्याला टाके घालत होते. लांब सुई, जाड दोरा. हात थांबला नाही.

“मास्तर आले होते तुमच्याकडेही?” टपालबाईंनी विचारलं.

“आले होते. तीन आठवडे झाले. आगीचं विचारत होते. म्हणाले, लोकांच्या तोंडच्या गोष्टी नकोत, फाइलमध्ये काय लिहिलंय तेच छापणार.” मामांनी दोरा दाताने तोडला. “मी म्हटलं, जुन्या राखेत काय फुंकर घालता.”

“लोक काय सांगतात, ते मला माहीत आहे. फोटोग्राफरच्या हातून दिवा उलटला, फोटो धुवायच्या औषधांनी पेट घेतला.”

“हं,” मामा म्हणाले. आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा तीनदा चुकला.

मास्तर वाचनालयात भेटले. त्यांच्यापुढे कागदांचा ढीग होता, पण त्यात फाइल नव्हती. “मी तर तिची आशाच सोडली होती,” ते म्हणाले. “प्रकरण तयार आहे, आगीचं पानही लिहून ठेवलंय, पुरावाच बाकी. त्या फाइलमध्ये फोटोग्राफरची सही असलेला जबाब आहे म्हणतात. तो मिळाला की त्याची चूक कागदोपत्री पक्की. इतिहास म्हणजे पुरावा, बाई.”

“आणि तुम्ही हे कुणाकुणाला सांगितलंत?”

“कुणाला नाही?” मास्तर अभिमानाने म्हणाले. “सगळ्या रस्त्याला!”

४

फोटोग्राफरची ती मुलगी आता चाळिशी ओलांडलेली होती आणि रस्त्याच्या पलीकडे तिचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. वडील आगीनंतर कुटुंब घेऊन दुसऱ्या गावी गेले, कुणाच्या तरी स्टुडिओत नोकर म्हणून राबले आणि चौदा वर्षांपूर्वी वारले. ती मात्र लग्न होऊन याच रस्त्यावर परत आली. नशिबाचा खेळ, म्हणायचे लोक.

ती एका शाळेसाठी वह्यांचा गठ्ठा बांधत होती. चपटी फीत, वर सुरगाठ. टपालबाईंची नजर गाठीवर गेली आणि तिने ते पाहिलं.

“तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलात,” ती म्हणाली.

“मी भाचीची नोकरी वाचवायला आले. तुमच्या वडिलांच्या स्टुडिओचा नंबर तुम्हाला आठवतो?”

“सतरा. फोटोंच्या मागे शिक्का असायचा.” तिने फीत कापली. “आणि फाइल सापडली का ते बघायला गेले, तेव्हा मी तो तुमच्या भाचीला मुद्दाम सांगितला नाही. ती एक्केचाळीस शोधत राहिली, मी गप्प बसले. मला ती फाइल कधीच सापडायला नको होती.”

“का?”

“का म्हणजे? माझ्या मुलीला शाळेत कुणी विचारलं, तुझे आजोबा काय करायचे, तर ती म्हणते फोटो काढायचे. तेवढंच तिला ठाऊक आहे. आपल्या हातच्या हलगर्जीपणानं पोटच्या पोरीला जाळायला निघाले होते, हे तिनं छापील वाचायचं?” तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “मी त्यांच्याशी शेवटची बारा वर्षं नीट बोललेसुद्धा नाही. ते यायचे, दाराशी बसायचे, जायचे. मला परक्या माणसानं वाचवलं आणि बापानं... जाऊ द्या. फाइल मी घेतली नाही. पण जिनं किंवा ज्यानं घेतली, त्याचं भलं होवो.”

टपालबाई दुकानाबाहेर आल्या तेव्हा गुरुवारची दुपार कलली होती. नंबर जाणणारी, फाइल नको असलेली, एकच व्यक्ती समोर होती. साहेबांना हे नाव सांगितलं की भाची सुटत होती.

पण त्यांचे पाय नगरपालिकेकडे वळेनात.

५

त्या घरी आल्या आणि चहा घेऊन बसल्या. भाची समोर नखं खात होती.

“वहीवालीच ना, आत्या?”

“तुझ्या डोळ्यांसमोर बसली होती ती. मागच्या मांडणीपर्यंत कधी गेली?”

“नाही गेली.”

“आणि चोरी करणारी बाई मला ‘सतरा’ हा आकडा आपणहून सांगेल? तोच तर तिला अडकवणारा.” टपालबाईंनी कप खाली ठेवला. “आपण चौकशीला आलेल्यांची नावं पाहिली. रजिस्टरात पाहुण्यांची नावं असतात. मी चौतीस वर्षं या गावात प्रत्येक कचेरीत, दुकानात, स्वयंपाकघरापर्यंत गेले. कुठल्या रजिस्टरात माझं नाव आहे? कामाचं माणूस आलं की कुणी मान वर करून बघत नाही. आता सांग, या महिन्यात तुझ्या खोलीत कोण कामाला आलं?”

“कुणी नाही. म्हणजे... रंगारी नाही, वीजवाला नाही...”

“तू बसतेस कशावर गं?”

भाचीचं तोंड उघडंच राहिलं. “खुर्च्या! मामा दोन दिवस खोलीतच बसून भरत होते. मी जेवायला गेले तेव्हाही. पण आत्या, मामा? ते कशाला?”

“गाठ मी कुठे पाहिली, ते आज त्यांच्यासमोर बसून कळायला हवं होतं. समोर सोफ्याला तीच घालत होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. गादीचा टाका तसाच आवळतात, सैल पडू नये म्हणून. जिन्यालाही ते अजून सतरा नंबरचा म्हणतात.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. फोटोग्राफर गाव सोडून गेल्यावर वर्षातून दोन-तीनदा त्यांचं पत्र यायचं. पत्ता: सतरा, मुख्य रस्ता, वरचा मजला. नंबर बदलले तरी ते सतराच लिहायचे. मला वाटायचं, मुलीला वाचवलं त्याचे आभार मानतात. पण आभार मानायला माणूस वीस-बावीस वर्षं पत्रं लिहितो का?”

“मग कशाला लिहायचे?”

“ते मात्र मामांनाच विचारायला हवं,” म्हणत त्यांनी चपला पायात सरकवल्या.

६

मामा खिडकीशी बसले होते. हातात काम नव्हतं. टपालबाईंना पाहून त्यांनी काही विचारलं नाही. कापसाच्या पोत्यामागे हात घातला आणि फाइल काढून समोर ठेवली.

“पोरीची नोकरी जाणार आहे, ते मला आज कळलं,” ते म्हणाले. “आधी कळलं असतं तर सोमवारीच आणून दिली असती. खरंच.”

“मामा, आग कुठे लागली होती?”

मामांनी खिडकी लावून घेतली.

“इथे,” मामा म्हणाले. त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. “स्टोव्हवर सरस वितळायला ठेवला होता. खाली कुणीतरी हाक मारली म्हणून गेलो. गप्पांत रमलो. वर येऊन बघतो तर कापसानं पेट घेतलेला. लाकडी तक्तपोशीतून ठिणग्या खाली पडल्या, औषधांच्या बाटल्यांवर. मग काय. मी पोरीला काढलं ते शूरपणानं नाही, बाई. माझ्यामुळे मरेल म्हणून काढलं.”

“आणि फोटोग्राफरना माहीत होतं?”

“मीच सांगितलं, तिथेच रस्त्यावर. त्यांनी पोरीला छातीशी धरलं होतं. म्हणाले, ‘तुझ्या बायकोचे दिवस भरलेत. तू तुरुंगात गेलास तर तिघं मरतील. तू माझी मुलगी आणलीस, मी तुझं नाव घेणार नाही.’ आणि जबाबात लिहून दिलं की दिवा माझ्या हातून उलटला. तेव्हा वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे, लोक विसरतील. लोक विसरले नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा फोटो काढायला एक माणूस येईना, गाव सोडावं लागलं.”

“पत्रं?”

“बरं आहे का, मुलगा कितवीत गेला, असंच. शेवटचं पत्र मरणाच्या आधीचं. लिहिलं होतं, आता माझं काही राहिलं नाही, तुला सांगावंसं वाटलं तर मुलीला सांग.” मामांनी भाजलेला हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. “चौदा वर्षं झाली. रोज सकाळी ती समोर दुकान उघडते, हात करते, ‘मामा, चहा झाला का?’ विचारते. कसं सांगू? कुठल्या तोंडानं?”

“म्हणून फाइल उचललीत. स्वतःला झाकायला.”

“नाही!” मामा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “त्यात माझं नावसुद्धा नाही. छापलं असतं तर मी आणखीच सुखरूप झालो असतो. पण बोललेलं वाऱ्यावर जातं, बाई. छापलेलं राहतं. त्यांची नातवंडं वाचणार, आणि ते खोटं आहे हे जगात मला एकट्याला माहीत. खरं बोलायचा धीर नव्हता, म्हणून निदान खोटं तरी लपवलं.”

टपालबाईंनी चौतीस वर्षांत पुष्कळ दारांत पुष्कळ रडणं पाहिलं होतं. त्यांनी फाइल उचलून मामांच्या हातात दिली.

“साहेबांकडे उद्या सकाळी तुम्ही स्वतः जायचं. भाचीचा यात दोष नाही, ते सांगायचं,” त्या म्हणाल्या. “आणि साहेबांच्या आधी रस्ता ओलांडायचा. चला. मी दारापर्यंत येते. आत तुम्हीच जायचं.”

७

टपालबाई दुकानाबाहेर उभ्या राहिल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही, ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग काचेवरून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, पेन्सिली असाव्यात. मामा बाहेर आले. मागून वहीवाली दारापर्यंत आली.

“बारा वर्षं,” ती म्हणाली. “दाराशी बसायचे ते. मी पाणी द्यायची आणि आत निघून जायची. ती बारा वर्षं तुम्ही मला कुठून आणून देणार?”

तिने शटर खाली ओढलं. दिवसाढवळ्या ते दुकान बंद झालेलं रस्त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी फाइल साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांनी मामांचं म्हणणं उभं राहून ऐकलं, मग स्वतः बसले आणि त्यांनाही बसायला सांगितलं. भाचीची नोकरी राहिली. मागच्या मांडणीला मात्र कुलूप आलं. चष्मेवाल्याला नकाशा मिळाला; बोळ त्याचा नव्हता. तीन दिवस त्याने सगळ्यांना ते सांगून वैताग आणला.

मास्तरांनी आगीचं पान फाडलं. “मी लिहिलेलं पान मीच फाडायची ही पहिली वेळ,” ते टपालबाईंना म्हणाले. “पण नवीन कुणी लिहायचं? पुरावा तर जुनंच म्हणतो.” ते पान आपण लिहायचं नाही, ऐकायचं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

पुस्तक छापण्याआधीच्या जाहीर वाचनाला पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी वाचनालयाचं सभागृह भरलं. मास्तरांनी त्या इमारतीचं प्रकरण वाचलं: छापखाना, पहिलं यंत्र, मग स्टुडिओ, रंगवलेला पडदा. आगीपाशी येऊन त्यांनी वही मिटली आणि मागच्या रांगेकडे पाहिलं.

मामा उभे राहिले. पुढे येऊन बोलले. नीट बोलता आलं नाही. दोनदा अडखळले, एकदा मधलंच आधी सांगितलं आणि पुन्हा मागे गेले. पण स्टोव्ह सांगितला, सरस सांगितला, आणि फोटोग्राफरने त्या दिवशी रस्त्यावर काय शब्द उच्चारले तेही जसेच्या तसे सांगितले. “दिवा त्यांच्या हातून उलटला नव्हता,” ते म्हणाले. “त्यांच्या हातून आयुष्यात काहीच उलटलं नाही. माझ्या हातून उलटलं.”

मामांना आपली मागची खुर्ची फार लांब दिसली असावी, कारण ते दोन पावलं टाकून मध्येच थांबले.

तिसऱ्या रांगेत वहीवाली बसली होती. आठवडाभर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली होती. ती तिने उचलून मांडीवर घेतली.

“बसा,” ती म्हणाली. ‘मामा’ म्हणाली नाही. पण बसा म्हणाली.

ते बसले. मास्तर पुढचं वाचायला लागले. वहीवाली समोर बघत होती, आणि तशीच समोर बघत, हळूच तिने विचारलं:

“आई सांगायची, स्टुडिओत असताना ते गायचे. मला काहीच आठवत नाही. आम्ही गेलो त्या गावात ते कधी गायले नाहीत. खरं होतं का हो?”

“खरं,” मामा म्हणाले. “दिवसभर गायचे. वर ऐकू यायचं.”

“कसं गायचे?”

एवढं सगळं बोलून झाल्यावर आता खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

“बेसूर,” ते म्हणाले. “पण फार आनंदानं.”

वहीवालीने तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलत होते. मागे बसलेल्या टपालबाईंना आधी वाटलं, रडते आहे. मग त्यांना कळलं की ती हसतेही आहे.